गिरणी वाढवली

७ जानेवारी १९६४, अमडापूर

शेठजी दर वर्षी सगळ्या दिवाणजींना एकेक डायरी देतात. आजवरच्या माझ्या डायऱ्यांत मुलांनी बैलगाड्या काढल्या. ही मात्र मी पिशवीत घालून इकडे आणली. नांदुऱ्याला अडतीवर दिवसभर माझ्या तोंडाचा पट्टा चालू असतो, आणि इथे घरात बोलणारं कोणी नाही. आबांची वाचा दिवाळीनंतरच्या झटक्यात गेली, उजवी बाजूही गेली. माय पहिल्यापासून मोजकं बोलणारी. बायको मंजुळा आणि मुलं शाळेमुळे नांदुऱ्यालाच. तेव्हा म्हटलं, बोलायचं राहिलं ते इथे लिहावं.

रजा घेऊन गिरणी चालवतो आहे. पिठाची गिरणी, तेलाच्या इंजिनावरची. लहानपणी तिच्यातच वाढलो, त्यामुळे हात विसरले नव्हते. फक्त नाकातोंडात पीठ जायची सवय मोडली होती, ती दोन दिवसांत पुन्हा लागली.

गिरणी बोळाच्या पलीकडे आहे. घरातून इंजिनाचं पुक-पुक ऐकू येतं आणि त्यात मधूनमधून एक टक. तो पट्ट्याच्या सांध्याचा आवाज. इंजिनापासून चक्कीपर्यंत जो कातडी पट्टा फिरतो, त्याची दोन टोकं आबांनी स्वतः वादीने शिवली आहेत. तो शिवलेला सांधा पुलीवरून गेला की टक. लोकांच्या घरात घड्याळाची टिकटिक असते, आमच्या घरात ही. ती असली की कोणाला ऐकू येत नाही, थांबली की सगळे मान वर करतात.

आज संध्याकाळी पहिल्यांदा मी एकट्याने गिरणी वाढवली. "बंद केली" असं आमच्याकडे म्हणत नाहीत. लहानपणी एकदा मी ओट्यावरून ओरडून सांगितलं होतं, "गिरणी बंद झाली," तर आबांनी हातातलं फावडं खाली ठेवून मला जवळ बोलावलं आणि म्हणाले होते, धंद्याले बंद म्हनू नये, वाढवली म्हनावं. देऊळगाव राजाच्या मामांनी दुकान कायमचं मोडलं तेव्हाही आबांनी घरी येऊन एवढंच सांगितलं, "त्यानं दुकान वाढवलं." आणि दोन दिवस जेवले नाहीत.

गेल्या दिवाळीत माझ्यावर चिडून म्हणाले होते, "म्या गेलो का तू गिरणी वाढवशीन, अन् नांदुऱ्याले गादीवर बसशीन." मी तेव्हा हसण्यावारी नेलं. खरं सांगायचं तर माझ्या मनात तेच होतं.

१० जानेवारी

पट्ट्याची अवस्था वाईट आहे. कडा पिंजल्या आहेत. सांध्याजवळचं कातडं इतक्या वेळा कापून शिवलं आहे की आता त्याला टाका धरत नाही. घाणा जड पडला की पट्टा घसरतो, मग मी त्याच्यावर राळेची चिमूट टाकतो, तेवढ्यापुरता तो पकडतो. पुलीही एका बाजूने झिजली आहे. पट्टा त्या बाजूला सरकत जातो आणि मी लाकडाच्या दांड्याने त्याला जागेवर आणतो. शाळेत खिडकीकडे सरकणाऱ्या मुलाला मास्तर आणतात तसा.

बदलायला हवा हे कळतं. पण कधी, हे आबा ठरवायचे. ते पट्ट्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. दळण सोडून ओट्यावर जाऊन बसायचे, विडी पेटवायचे आणि ऐकायचे. मग आत येऊन म्हणायचे, अजून चालते. किंवा काही न म्हणता इंजिन थांबवायचे.

मी आज ओट्यावर जाऊन बसलो. मला पुक-पुक ऐकू आलं, टक ऐकू आलं, आणि तानाबाईचं दळण संपलं तरी मी बसून आहे म्हणून तिने घातलेली हाक ऐकू आली. तानाबाई शेजारची, मला अंगाखांद्यावर खेळवलेली. म्हणाली, बापासारखा ओट्यावर बसतं, पन बापासारखं पीठ नाई काढत.

आबांच्या डाव्या हाताच्या बोटाला कंप आहे. बाजेच्या लाकडावर ते दिवसभर हलत असतं. संध्याकाळी मात्र शांत होतं. दिवसभर हलून थकत असावं.

१४ जानेवारी

संक्रांत. बायका दळणाच्या निमित्ताने माईला तिळगूळ देऊन गेल्या. माईने आबांच्या डाव्या तळहातावर एक वडी ठेवली. "गोड बोला" म्हणायचं तिच्या ओठांवर आलं होतं, ते तिने गिळलं आणि नुसतं "घ्या" म्हणाली. मी उठून बाहेर गेलो. मला रडू आलं आणि सणाच्या दिवशी ते माईसमोर नको होतं.

१९ जानेवारी

आज थोडक्यात वाचलो. ज्वारीचा घाणा चालू असताना पट्टा पुलीवरून उतरला आणि सुटलेला फटका पत्र्यावर बसला. पत्र्याला पोचा पडला. तानाबाई तिथून हाताच्या अंतरावर टोपली घेऊन उभी होती. टोपली उडाली, पीठ सगळ्या बायकांच्या अंगावर. कोणी हसलं, मग कोणी हसेना.

तानाबाई पदर झटकत म्हणाली, "शालिक, हा पट्टा आता कोनाचा जीव घेईन बाप्पा." ती कधी रागावत नाही. आज रागावली नव्हतीच, घाबरली होती, आणि तिला घाबरलेली मी पहिल्यांदा पाहिली.

मी पट्टा चढवला, पण दळण पुढे घेतलं नाही. उरलेल्या बायकांना उद्या या म्हटलं. इतके दिवस जे ठरत नव्हतं ते ठरलं. आबांच्या हातचा सांधा आहे म्हणून मी टाळत होतो, हे मला आज कळलं. आबा धडधाकट असते तर त्यांनी महिन्याभरापूर्वीच बदलला असता. त्यांना स्वतःच्या शिवणीचं कौतुक नव्हतं, मला आहे.

घरी आलो तर आबांचं बोट लाकडावर जोरजोरात आपटत होतं. माय हात धरून बसली होती. आता तर इंजिनही थांबलेलं, तरी ते थांबेना. मी म्हटलं, "काई नाई झालं आबा, कोनाले लागलं नाई." तेव्हा कुठे थांबलं.

२३ जानेवारी

खामगावला जाऊन आलो. खरादवाल्याकडे, म्हणजे लेथवर लोखंड कातणाऱ्या मिस्त्रीकडे, झिजलेल्या पुलीचं माप दिलं, नवी पुली सांगितली. पट्टा आता कातड्याचा नको म्हणाला. रबर-कापडाचा मिळतो, अखंड, त्याला सांधाच नसतो. घसरत नाही, राळ लागत नाही. म्हटलं, चांगलं आहे.

त्याच्याच अंगणात मिरची कांडायची मशीन उभी होती. नवी पुली थोडी रुंद केली तर ह्याच इंजिनावर तीही चालेल, असं त्याने दाखवलं. अमडापूरच्या बाजारात मिरची किती येते हे मला कोणी सांगायला नको. बायका ती उखळात कांडतात आणि आठवडाभर डोळे चोळतात. मी मशीनभोवती फिरलो. तिथून चौकात चहाला गेलो आणि परत येऊन पुन्हा फिरलो.

हाच खामगाव. आबांनी इंजिन इथूनच जुनं घेतलं, तेव्हा मी त्यांचं बोट धरून आलो होतो. विकणाऱ्याने इंजिन चालू केलं, तर आबा म्हणाले, पट्टा उतरव. घेणाऱ्याला इंजिन पट्ट्याशिवाय ऐकवायचं अशी रीत आहे, म्हणजे दुसरा कुठलाही आवाज त्याला झाकत नाही. आबा डोळे मिटून ऐकत राहिले. मला वाटलं झोपले.

परतीच्या मोटारीत, अमडापूरच्या अलीकडे कुठेतरी, माझं मन ठरलं. अडत सोडायची. मंजुळा तर केव्हाची म्हणते आहे, मुलांना आजी-आजा मिळू द्या. शेठजी रोज सकाळी गादीवर बसल्या बसल्या म्हणतात, "धंदा वाढवा, धंदा वाढवा." शेठजींचा धंदा मी इतकी वर्षं वाढवला. आता आपला वाढवू.

२६ जानेवारी

शाळेच्या पोरांची प्रभातफेरी गिरणीवरून गेली. आज आबांना सांगितलं. माय चुलीपाशी होती. आबांना उशी देऊन टेकवून बसवलं होतं, मी त्यांच्यासमोर पाटावर बसलो. सांगायला किती साधं होतं, तरी मी पाट दोनदा सरकवून घेतला. मिरचीच्या मशीनचं नाव काढलं नाही. वस्तू दारात आल्याशिवाय तिचं नाव घेऊ नये, दृष्ट लागते, हे आबांचंच. मी एवढंच म्हणालो, "आबा, म्या ठरवलं. गिरणी वाढवतो आता."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. डोळ्यांत पाणी आलं. माणूस आजारपणात हळवा होतो, आणि आनंदही झाला असेल. मी त्यांचा डावा हात हातात घेतला. त्यांनी तो हळूच काढून घेतला आणि लाकडावर ठेवला.

मला इतकं हलकं वाटलं की रात्री मी तीन भाकरी खाल्ल्या. माय जेवली नाही. म्हणाली, भूक नाई.

२ फेब्रुवारी

खरादवाला मिस्त्री स्वतः पुली घेऊन आला. जुनी पुली निघता निघेना. ती काढण्यात सकाळ गेली, नवी बसवण्यात दुपार. गिरणी दिवसभर उभी. मग त्याने पट्टा न चढवता इंजिन चालू केलं, पुली सरळ फिरते का पाहिलं. कान लावून ऐकलं. म्हणाला, इंजिन अजून पोलादासारखं आहे, कोणीही घेईल. मीही खूश. आबांनी डोळे मिटून घेतलेलं इंजिन ते.

चहाला त्याला घरी आणलं. दारात उभा राहून त्याने आबांना नमस्कार केला, घर वरखाली पाहिलं, आणि मला म्हणाला, जागा चांगली आहे तुमची. मिरचीचं कोठार ह्या बाजूला होईल असं त्याच्या डोक्यात असावं. आबांनी त्याच्या नमस्काराला मान हलवली नाही, भिंतीकडे तोंड केलं. पाहुण्याशी ते असं कधी वागले नाहीत. माईने चहा दिला पण समोर आली नाही.

३ फेब्रुवारी

नवा पट्टा चढला. काय सांगू. चक्की अशी फिरते की खाली पीठ पडतं आहे हे हात लावूनच कळतं. पट्टा मधोमध चालतो, दांडा लागत नाही, राळेचा डबा मी कोनाड्यात ठेवून दिला. आणि आवाज नाही. नुसतं इंजिनाचं पुक-पुक. तानाबाई म्हणाली, काहीतरी चुकल्यासारखं वाटते, आन् काय ते समजत नाई.

जुना पट्टा टाकवेना. गुंडाळून घरी आणला आणि आबांच्या बाजेखाली ठेवला. इतकी वर्षांची सोबत, जवळ असलेला बरा.

आणखी एक चांगली गोष्ट. आबांच्या बोटाचा कंप थांबला. आज दिवसभर हात अगदी स्थिर होता. विश्रांतीचा गुण येतो आहे.

६ फेब्रुवारी

आबा नीट जेवत नाहीत. पेज दोन घास घेतात आणि डाव्या हाताने वाटी सारतात. हवा बदलली आहे, त्याने असेल.

दुपारी माय ताक घेऊन गिरणीत आली. ती सहसा येत नाही. नव्या पट्ट्याकडे पाहत उभी राहिली. मग म्हणाली, "आमाले बी नांदुऱ्याले न्याचं का मंग?" मला हसू आलं. नातवंडांची आठवण येत असणार. मी म्हटलं, "न्याचं न माय, काऊन नाई." म्हटलं, आबा जरा हिंडते-फिरते झाले की दोघांना मोटारीत घालून चार दिवस नेईन. तिने चक्कीवरचं पीठ पदराने पुसलं, पुसायची काही गरज नव्हती, आणि गेली.

आबांचा हात बाजेवरून खाली लोंबत होता. बोटं जुन्या पट्ट्याला लागली होती. मी हात उचलून वर ठेवला, गार पडला असता म्हणून. थोड्या वेळाने पाहिलं तर पुन्हा खाली.

१० फेब्रुवारी

चिखलीहून डॉक्टर आणले. नाडी पाहिली, छाती पाहिली. म्हणाले, नवीन काही झालेलं नाही, पण माणूस खाईना तर औषध काय करणार. त्यांना खायची इच्छा होईल असं काही करा. माईने आबांच्या आवडीचं सगळं करून पाहिलं. ज्वारीच्या कण्या, वांग्याचं भरीत, शेवटी नुसतं दूध. तोंडाच्या कडेने सगळं बाहेर येतं. मी म्हटलं, "आबा, माह्यासाठी तरी खा." त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं तसं कोणी मुलाकडे पाहू नये. त्यात राग असता तर बरं होतं.

मला काही समजत नाही. सगळं तर चांगलं होतं आहे.

१२ फेब्रुवारी

सकाळी मी माईवर ओरडलो. म्हटलं, तू त्यांना नीट भरवत नाहीस, अर्धवट सोडून उठतेस. ती वाटी घेऊन उभी होती. तिने वाटी खाली ठेवली आणि म्हणाली, "गिरणी विकल्यावर कायच्यासाठी जेवतीन ते?"

मी म्हटलं, "कोनं विकली गिरणी?"

"तूच त म्हनलं. त्यायच्या पुढ्यात पाटावर बसून म्हनलं, गिरणी वाढवतो म्हून. म्या चुलीपाशी होती."

मी म्हटलं, माय, वाढवतो म्हंजे मोठी करतो म्हनलं म्या. मिर्ची कांडाची मशीन आनून राह्यलो. नोकरी सोडून राह्यलो.

ती खाली बसली. मग एकेक गोष्ट सांगत गेली, रागाने नव्हे, जसं तिला दिसलं तसं. एक परका माणूस आला, पट्टा उतरवून इंजिन ऐकून गेला. घर पाहून जागा चांगली म्हणाला. नवी पुली, नवा पट्टा पाहिला तेव्हा तिला वाटलं, विकायच्या बैलाची शिंगं रंगवतात तसं मी करतो आहे. नांदुऱ्याला न्यायचं का म्हणून तिने विचारलं, तर मी हसून हो म्हणालो. आणि नवा पट्टा चढला तेव्हापासून टक नाही. इंजिन चालतं आणि पट्ट्याचा आवाज नाही, म्हणजे आबांना वाटलं, रोज नवा घेणारा येऊन इंजिन ऐकतो आहे.

"त्यायचं बोट हालत होतं न, ते त्या टकटकीसंगं हालत होतं," माय म्हणाली. "मले वाटलं तुले ठाव हाय."

मला ठाऊक नव्हतं. एकोणीस तारखेला पट्टा उतरला तेव्हा ते का आपटत होते, संध्याकाळी का थांबत होते, सगळं मी ह्याच वहीत लिहून ठेवलं आहे आणि मला ठाऊक नव्हतं.

शेवटी ती एवढंच म्हणाली, "मंग मोठी करतो, असं काऊन नाई म्हनलं बाप्पा?"

मी आबांपाशी गेलो. त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं, गिरणी विकली नाही, मोठी करतो आहे, मी कुठेही जाणार नाही. दोनदा सांगितलं, तीनदा सांगितलं. त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि मग गिरणीच्या बाजूच्या भिंतीकडे पाहिलं. बराच वेळ तिकडेच पाहत राहिले. आयुष्यभर ऐकून ठरवणारा माणूस. तिकडून काही येत नव्हतं, आणि माझा शब्द मी आधीच वापरून बसलो होतो.

१३ फेब्रुवारी

बाजेखालचा पट्टा सोडवला. आबांची शिवण असलेला सांध्याचा तुकडा कापून घेतला. आबांच्या समोरच कापला, त्यांना दिसावा म्हणून. पण त्यांचे डोळे मिटलेले होते. नव्या पट्ट्याला आरीने भोकं पाडली, दहा दिवसांचा कोरा पट्टा. तुकडा पुलीच्या बाजूने वादीने शिवला. मला आबांसारखं शिवता येत नाही, तरी बसला.

माईला म्हटलं, तू त्यांच्यापाशी बस, हात लाकडावर ठेव. इंजिन चालू केलं. टक आला. जुन्याइतका भरीव नव्हता, पण आला. मी दाण्याशिवाय चक्की चालवली, मग तानाबाई डबा घेऊन आली तर तिचं दळण घेतलं, म्हणजे टक जड पडतो आणि खरा वाटतो. तिचं संपल्यावर तिने घरून पुन्हा ज्वारी आणली. मला इंजिन सोडून जायचा धीर होत नव्हता, मी गेलो आणि आवाज थांबला तर, असं वाटत होतं.

बऱ्याच वेळाने माय बोळात येऊन उभी राहिली. तिने पदर डोक्यावरून पुढे घेतला होता, तो पाहिला आणि मला कळलं.

मी विचारलं, बोट हललं का. ती म्हणाली, "हाव. हाललं."

"त्या टकटकीसंगं?"

"हाव. चांगलं हाललं. उजव्या हाताचं."

आबांची उजवी बाजू गेलेली होती. समोर बसलेल्या माणसाचा उजवा-डावा आपल्याला उलटा दिसतो, कोणाचाही गोंधळ होऊ शकतो.

मग इंजिन थांबवलं.

४ मार्च

तेरवी झाली. मंजुळा आणि मुलं आली आहेत, आता इथेच राहतील. अडतीवर मी निरोप पाठवला. शेठजींनी वाईट वाटून घेतलं आणि माणसाबरोबर नारळ पाठवला.

आज मिस्त्री मिरचीची मशीन घेऊन आला. गिरणीत पाय ठेवला आणि टक ऐकून थबकला. इंजिन थांबवायला लावलं, पट्टा हाताने फिरवून तुकडा पाहिला. म्हणाला, हे कोणी केलं, ह्याने नव्या पुलीचं तोंड खराब होईल, भोकांपासून पट्टा फाटेल, आजच्या आज काढा. मी म्हटलं, काढतो. कधी काढता म्हणाला. मी म्हटलं, काढतो ना. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मशीनच्या कामाला लागला.

त्याचं बरोबर आहे. कोणता भाग कधी बदलायचा हे आता मला कळतं. मी ओट्यावर बसलो तर आवाजावरून सांगू शकतो की तो तुकडा पावसाळ्यापर्यंत टिकणार नाही आणि त्याच्या आधी काढायला हवा. मुलगा माझ्याशेजारी येऊन बसला होता. त्याने विचारलं, बाबा, हे टक टक काय आहे. मी सांगितलं, आजोबांची शिवण आहे.

मशीन बसली. मिरचीच्या ठसक्याने गल्लीभर लोक शिंकत होते. तानाबाई शिंकत शिंकत हसली, आणि मग डोळे पुसत राहिली. म्हणाली, मिर्चीनं होते.

दिवेलागणीला मी इंजिन थांबवलं. तानाबाई जाता जाता रोजच्यासारखी म्हणाली, "वाढवली का शालिक?"

मी म्हटलं, "बंद केली."

ती डबा घेऊन तशीच उभी राहिली. ह्या गिरणीत तो शब्द तिने कधी ऐकला नसेल. बोळाच्या पलीकडे माय ओट्यावर गहू निवडत होती, तिनेही ऐकलं. मला वाटलं, आता मला बोलावून घेईल आणि रागावेल.

तिने सुपातला खडा काढून टाकला आणि म्हणाली, "असंच म्हनत जाय आता."